शिक्षक सभा घडते सूचनावहीत

महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांत शिक्षक सभा ही महिन्याकाठी ठरून गेलेली गोष्ट असते. बहुतेक ठिकाणी ती शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर भरते आणि तिची सूचना आदल्या दिवशी शिपायाने वर्गावर्गांतून फिरवलेल्या सूचनावहीतून शिक्षकांपर्यंत पोहोचते. चालू तास क्षणभर थांबवून शिक्षक आपल्या नावापुढे सही करतात आणि पुन्हा फळ्याकडे वळतात. सूचनेखालील विषयही बहुधा तेच असतात : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, निकालाबाबत चर्चा, शिस्तीबाबत चर्चा, स्नेहसंमेलनाचे नियोजन आणि अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. सभा लांबली, भरकटली किंवा निष्फळ ठरली की दोष बोलणाऱ्यांच्या पाल्हाळाला दिला जातो. वास्तविक तिचे भवितव्य या चार-पाच ओळींनी आधीच ठरवून टाकलेले असते, आणि म्हणून सभा सुधारण्याचे काम सूचना लिहिली जाते त्या टेबलापासूनच सुरू करावे लागते.

पहिला विचार वेळेचा करावा लागतो. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ या कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापन तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास सांगितलेले आहेत. शिक्षकाने आठवड्याला किमान ४५ तास काम करावे आणि त्यात पूर्वतयारीचेही तास धरावेत, अशी तरतूद त्याच अनुसूचीत आहे. पूर्वतयारी, म्हणजे पाठाचे टाचण, वह्या तपासणे, साहित्य जमवणे, हे कायद्याने कामच मानलेले आहे, आणि सभेत जाणारा वेळ बहुधा याच वाट्यातून कापला जातो. वीस शिक्षकांची दीड तासाची सभा म्हणजे शाळेचे तीस तास होत. एवढा वेळ घेण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना निश्चितच आहे. परंतु तो वेळ मुलांच्या वाट्याचा आहे, ही जाणीव ठेवूनच तो अधिकार वापरला गेला पाहिजे.

सभेपुढे येणाऱ्या बाबींचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात : जे केवळ कळवायचे आहे, ज्यावर अनेकांनी मिळून विचार करायचा आहे आणि ज्याचा निर्णय घ्यायचा आहे. वरिष्ठ कार्यालयाची परिपत्रके, यू-डायसची माहिती भरण्याची मुदत, परीक्षेच्या पर्यवेक्षणाचे वेळापत्रक या गोष्टी पहिल्या प्रकारातल्या असून त्या सूचनावहीत किंवा शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर नीट लिहून दिल्या की पुरेशा होतात. त्या सभेत मोठ्याने वाचून दाखवण्याची रीत पडली आहे ती वाचल्याची खात्री व्हावी म्हणून. पण या खात्रीच्या बदल्यात एकत्र बसून विचार करण्याची महिन्यातली एकमेव संधी खर्ची पडते, आणि सभा म्हणजे ऐकून घ्यायची जागा असा समज वर्षानुवर्षे घट्ट होत जातो.

उरलेल्या दोन प्रकारांतील विषय प्रश्नाच्या रूपात लिहिले, तर सभेचे स्वरूप पालटते. ‘निकालाबाबत चर्चा’ या विषयाला उत्तर असू शकत नाही, म्हणून ती चर्चा पालकांचे दुर्लक्ष, मोबाइलचा नाद आणि खालच्या वर्गांतला कच्चा पाया या ठरावीक थांब्यांवरून फिरून जिथल्या तिथे येते. त्याऐवजी विषय असा लिहिता येतो : ‘आठवीची मुले प्रथम सत्राच्या गणितात आकडेमोड बरोबर करतात, पण शाब्दिक उदाहरणे कोरी सोडतात, अडचण गणिताची आहे की वाचनाची, आणि द्वितीय सत्रात मराठी व गणिताच्या शिक्षकांनी मिळून काय करावे?’ या प्रश्नासोबत तीन उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स, नावे झाकून, सभेच्या तीन दिवस आधी शिक्षकांना दिल्या, म्हणजे एकच उदाहरण तिघांनी कुठे सोडले हे सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. एक जण प्रश्न उतरवून थांबलेला दिसतो, दुसऱ्याने दिलेल्या संख्यांची अर्थ न पाहता नुसती बेरीज केलेली असते, तिसऱ्याने उदाहरणाला हातच लावलेला नसतो. असे पुरावे समोर असले की भाषेचा शिक्षकही गणिताच्या निकालावर बोलू शकतो. अशा प्रत्येक प्रश्नापुढे तो कोण मांडणार आणि त्याला किती मिनिटे, हेही लिहिलेले असावे, आणि एका सभेत असे दोनच प्रश्न असावेत.

विषयांचा क्रमही विचारपूर्वक लावावा लागतो. सी. नॉर्थकोट पार्किन्सन या ब्रिटिश लेखकाने १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात क्षुल्लकतेचा नियम मांडला : एखाद्या विषयावर सभा जेवढा वेळ घालवते, तो त्या विषयात गुंतलेल्या रकमेच्या व्यस्त प्रमाणात असतो. अणुभट्टीचा प्रचंड खर्च समिती काही मिनिटांत मंजूर करते, कारण ती भट्टी कोणालाच नीट कळत नाही. सायकलींच्या छपरावर मात्र लांबलचक वाद होतो, कारण छप्पर सर्वांनाच कळते. शाळेत हेच स्नेहसंमेलनाच्या मंडपाबाबत आणि गणवेशाच्या रंगाबाबत घडते. अशा विषयांवर प्रत्येकाला मत असते, त्यांना उत्साहही लाभतो, आणि वाचनाचा किंवा गळतीचा प्रश्न येईपर्यंत एसटी पकडणाऱ्यांचे लक्ष घड्याळाकडे गेलेले असते. म्हणून कठीण प्रश्न पहिल्या अर्ध्या तासात घ्यावा आणि मंडपाचे काम तिघांच्या समितीकडे सोपवून मोकळे व्हावे.

सभा चालवण्याच्या शास्त्रावर मराठीत पूर्वीच लेखन झालेले आहे. काकासाहेब गाडगीळ यांचे ‘सभाशास्त्र’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. सूचक आणि अनुमोदक, म्हणजे ठराव मांडणारा व त्याला पाठिंबा देणारा, गणपूर्ती, म्हणजे सभा वैध ठरण्यासाठी लागणारी किमान उपस्थिती, उपसूचना, मतदान या संकल्पना सहकारी संस्थांपासून ग्रामपंचायतींपर्यंत सर्वत्र रुळलेल्या आहेत. मात्र या शास्त्रात सभासद समान दर्जाचे आणि समान मताचे असतात असे गृहीत धरलेले असते. शिक्षक सभेत तसे नसते. तेथे अध्यक्षस्थानी असलेली व्यक्तीच रजेचे अर्ज मंजूर करते आणि गोपनीय अहवालही लिहिते. तीन वर्षे मानधनावर काम करणारा शिक्षण सेवक अशा सभेत मुख्याध्यापकांच्या मताविरुद्ध हात वर करील, ही अपेक्षाच अवास्तव आहे. त्यामुळे इतिवृत्तातील ‘सर्वानुमते मंजूर’ या नोंदीमागे संमती होती की संकोच होता, हे त्या नोंदीवरून कधीच कळत नाही.

अधिकाराचा धाक नसतानाही माणूस समूहापुढे किती नमतो, हे सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात अमेरिकेत केलेल्या प्रयोगांतून दाखवले. समान लांबीची रेघ ओळखण्याचे अगदी सोपे काम होते. परंतु आधीच पढवून ठेवलेले इतर सर्व जण एकमुखाने चुकीचे उत्तर देऊ लागले, तेव्हा प्रयोगातील सुमारे तीनचतुर्थांश व्यक्तींनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसणारे सोडून समूहाचे उत्तर दिले. याच प्रयोगमालेतील दुसरा निष्कर्ष सभेच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे : एकाने जरी बरोबर उत्तर दिले, तरी हे नमणे झपाट्याने कमी झाले. सभेत पहिला वेगळा आवाज निघू देणे, हे अध्यक्षांचे मुख्य कर्तव्य ठरते ते यामुळे. त्यासाठी अध्यक्षांनी आपले मत शेवटी सांगावे, बोलण्याची सुरुवात सेवेने कनिष्ठ असलेल्यांपासून करावी, आणि चर्चेपूर्वी पाच मिनिटे प्रत्येकाने आपले उत्तर कागदावर लिहावे. लिहिण्याच्या या पायरीलाही संशोधनाचा आधार आहे. गटाने एकत्र बसून मोठ्याने कल्पना सुचवण्याची पद्धत अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्न यांनी १९५३च्या पुस्तकातून लोकप्रिय केली. पण येल विद्यापीठात झालेल्या आणि १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की तितक्याच माणसांनी वेगवेगळे बसून सुचवलेल्या कल्पना एकत्र केल्या तर त्या गटाच्या कल्पनांपेक्षा अधिक भरतात. एक जण बोलत असताना बाकीचे थांबून राहतात आणि थांबण्यात आपले सुचलेले विसरतात, हे त्याचे एक कारण नंतरच्या अभ्यासांतून पुढे आले.

निर्णय झाला तरी तो इतिवृत्तात कसा उतरतो, यावर त्याचे पुढचे आयुष्य अवलंबून असते. ‘सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले’ या वाक्यात कर्ताही नाही आणि तारीखही नाही, म्हणून त्याची अंमलबजावणी कोणाच्याच अंगावर पडत नाही. वरच्या उदाहरणातील निर्णय असा लिहावा लागेल : ‘आठवीच्या दोन्ही तुकड्यांत १ डिसेंबरपासून आठवड्यातला एक तास मराठी व गणिताचे शिक्षक एकत्र घेतील आणि त्यात केवळ शाब्दिक उदाहरणांचे वाचन व मांडणी होईल, वेळापत्रकातील बदल पर्यवेक्षक २५ नोव्हेंबरपर्यंत करतील, जानेवारीच्या सभेत दहा मुलांच्या वह्या पाहून आढावा घेतला जाईल.’ अशी नोंद असेल, तर ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ या पहिल्याच विषयाला जीव येतो; ठरलेले झाले की नाही, आणि नसेल तर कोणती अडचण आली, हे पहिल्या दहा मिनिटांत सर्वांना कळते आणि आपल्या शब्दाचे पुढे काहीतरी होते असा विश्वास शिक्षकांना वाटू लागतो.

मुख्याध्यापकांना एवढी तयारी करायला वेळ कोठून मिळावा, हा आक्षेप रास्त आहे. ऑनलाइन माहिती, पोषण आहाराचे हिशेब, प्रशिक्षणे आणि वरून येणारी तातडीची पत्रे यांत त्यांचा दिवस सरतो. परंतु प्रश्न त्यांनीच शोधले पाहिजेत, असे नाही. वर्गशिक्षक आणि विषय शिक्षक यांनी आळीपाळीने दरमहा आपल्या वर्गातला एक प्रश्न पुराव्यासह मांडावा, मुख्याध्यापकांनी त्यांतून निवड करावी आणि इतिवृत्त लेखनाची जबाबदारीही फिरती ठेवावी; अशाने मुख्याध्यापकांचे ओझे हलके होते आणि सभा एका व्यक्तीची न राहता शाळेची होते. हे करताना शिक्षकांना आपल्या वर्गातील उणीव सर्वांसमोर ठेवावी लागते, आणि ती ठेवणाऱ्याला बोल लावला जाणार नाही याची हमी मुख्याध्यापकांनी आपल्या वागणुकीतून द्यावी लागते. पहिला प्रश्न त्यांनी स्वतःच्या तासातला मांडला, तर ती हमी सर्वांना सहज पटते.

या सर्व विवेचनातून एक साधी कसोटी हाती येते. सूचना लिहिताना ज्याला उत्तर हवे आहे असा एकही प्रश्न लिहिता येत नसेल, तर त्या महिन्याची सभा रद्द करावी, कळवायचे ते लिहून कळवावे आणि तो दीड तास शिक्षकांना वह्या तपासण्यासाठी परत द्यावा. असा एखादा शनिवार सोडून देण्याचे धैर्य ज्या मुख्याध्यापकांकडे असते, त्यांनी पुढच्या महिन्यात सभा बोलावली की तेथे खरोखरच काही ठरवायचे आहे, हे शिक्षक वहीवर सही करतानाच ओळखतात.