मोबाइलचे कव्हर: काच मजबूत असली तरी

मोबाइलची काच आता मजबूत झाली, म्हणून कव्हर नको, हे मागील अंकातल्या पत्रातले मत अर्धेच खरे आहे. ही काच सुमारे ४०० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या पोटॅशियम क्षारात बुडवतात. तिच्यातील सोडियमच्या लहान आयनांची जागा पोटॅशियमचे मोठे आयन घेतात आणि पृष्ठभाग घट्ट दाबला जातो. त्यामुळे सपाट पडल्यास ती बऱ्याचदा तगते. पण फोन कोपऱ्यावर आपटला की सारा आघात इवल्याशा जागेवर एकवटतो. काठावर आधीच बारीक टवका उडालेला असेल, तर तिथून तडा पसरतो. मऊ कव्हर नेमके इथेच कामाला येते. ते दबते, आघात क्षणभर लांबवते, आणि त्याची उंच कड काच फरशीला टेकू देत नाही. स्वस्त कव्हर टाळून महागडा डिस्प्ले बदलण्याची वेळ कुणावर येऊ नये.

कव्हरमुळे फोन तापतो, हा आक्षेप मात्र रास्त आहे. जाड कव्हर उष्णता कोंडते आणि तापलेली लिथियम-आयन बॅटरी लवकर झिजते. विदर्भातल्या उन्हाळ्यात चार्जिंगच्या वेळी ते काढणेच योग्य. आत अडकलेली वाळू फोनच्या पाठीला ओरखडते, म्हणून कव्हर अधूनमधून काढून धुवावे.