तीळकुटाची जपानी मावसबहीण

दोस्तांनो, आज आधी एक कोडं. इवलासा दाणा, चिमटीत मावतील पन्नास. पण पोटात बघाल तर निम्मं तेलच तेल! ओळखा पाहू?

बरोबर, तीळ! खरं तर 'तेल' हा शब्दच मुळी तिळापासून आला. संस्कृतात तीळ म्हणजे 'तिल' आणि तिळापासून निघतं ते 'तैल'. पुढे शेंगदाण्याचं, करडईचं, सरकीचं, सगळ्यांचंच तेल आपल्या स्वयंपाकघरात आलं, पण नाव मात्र तिळाचंच राहिलं. हा दाणा आहेही फार जुना. हडप्पाच्या उत्खननात जळून कोळसा झालेले तीळ सापडले आहेत. म्हणजे हजारो वर्षांपूर्वीही आपल्याकडच्या लोकांना तो ठाऊक होता.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात तिळाची आठवण होते ती जानेवारीत. 12 जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मोत्सवाची गर्दी उसळते, ती ओसरते न ओसरते तोच भोगी आणि संक्रांत दारात उभ्या. मग तिळाचे लाडू, तीळ लावलेली भाकरी आणि तीळकूट घातलेली भोगीची भाजी! बाकी वर्षभर तीळ असतात ते चटणीच्या बरणीत, नाहीतर भरल्या वांग्यांच्या मसाल्यात. जवसाच्या चटणीशेजारी तिळाची चटणी नसेल तर वऱ्हाडातलं ताट कसं सुनंसुनं वाटतं, हो की नाही?

आता गंमत ऐका. इथून हजारो किलोमीटर दूर, समुद्रापलीकडे जपान नावाचा देश आहे. तिथली मुलंही तीळकूट लावलेली भाजी खातात. तिचं नाव 'गोमा-आए'. 'गोमा' म्हणजे तीळ आणि 'आए' म्हणजे कालवलेलं. थोडक्यात काय, तर 'तिळात कालवलेली भाजी'. आपल्या भोगीच्या भाजीची ही जपानी मावसबहीणच म्हणा ना! मात्र स्वभाव अगदी वेगळा. हिला फोडणी नाही, हळद नाही, तिखट नाही, वरून तेलसुद्धा नाही. गोडसर, खारट आणि भाजलेल्या तिळाच्या खमंग वासाची. ती गरमगरम वाढत नाहीत, निवलेलीच वाढतात. आणि वाढतात तीही एवढ्याशा वाटीत, दोन-चार घास. जपानी जेवणात भात, एक सूप आणि सोबत दोन-तीन छोट्या पदार्थांच्या वाट्या असतात. त्यांतलीच ही एक. मुलांच्या शाळेच्या डब्यातही ती छान बसते, कारण तिला रस्सा नसतो आणि दप्तर पिवळं होत नाही!

जपानी लोक पालकाची किंवा श्रावणघेवड्याच्या शेंगांची गोमा-आए करतात. आपण करू या आपल्या बाजारात मिळणाऱ्या भाजीची. हिवाळ्यात पालकाची जुडी, एरवी कोवळी बरबटी. (पुण्या-मुंबईच्या वाचकांनो, बरबटी म्हणजे तुमच्या चवळीच्या शेंगा, बरं का!) आठवडी बाजारात शेंग घेताना ती वाकवून बघा. कटकन मोडली तर कोवळी, नुसतीच वाकली तर जून.

साहित्य (चार जणांना, तोंडी लावायला):
पाव किलो बरबटी, किंवा पालकाची एक मोठी जुडी.
सालीसकट तीळ, पोहे खायचे 3 चमचे.
बारीक चिरलेला गूळ, चहाचे 2 चमचे.
मीठ, चहाचा पाव चमचा. चव पाहून थोडं वाढवा.
अर्धं लिंबू.

जपानी लोक मिठाऐवजी सोया सॉस घालतात आणि गुळाऐवजी साखर. तुमच्या घरी सोया सॉसची बाटली असेल तर पोह्याचा एक चमचा सॉस घ्या, मग मीठ आणि लिंबू नको. आणि हा सॉस कशाचा करतात ठाऊक आहे? सोयाबीन, गहू आणि मीठ यांचा! ते महिनोन्‌महिने आंबवून त्याचा काळा, खारट रस गाळतात. म्हणजे तुमच्या बाबांनी चिखलीच्या नाहीतर मेहकरच्या बाजार समितीत विकलेलं सोयाबीन आणि हा सॉस, दोघांचं मूळ एकच.

कृती
पहिलं काम तिळाचं. तीळ निवडून घ्या. जाड बुडाची कढई मंद आचेवर ठेवा आणि त्यात तीळ सतत हलवत भाजा. दोन-तीन मिनिटांत ते तडतडू लागतील. तडतडतात का? दाण्याच्या आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती बाहेर पडायला धडपडते म्हणून. दाणे जरा फुगले, दोन बोटांत चुरडले गेले आणि खमंग वास आला की झालं. लगेच ताटलीत काढा. गरम कढईत ठेवलेत तर गॅस बंद असूनही ते भाजतच राहतील आणि कडू होतील.

दुसरं काम कुटण्याचं. निवलेले तीळ खलबत्त्यात घाला आणि दणादण न ठोकता बत्ता गोल फिरवत रगडा. अगदी पीठ करू नका. काही दाणे अर्धवट राहू द्या. मिक्सर वापरणार असाल तर बटण क्षणभर दाबा, सोडा, असं चार-पाच वेळा. एकदम फिरवलात तर तेल सुटून गोळा होईल.

जपानी घरांत यासाठी 'सुरिबाची' नावाचा मातीचा खोलगट वाडगा असतो. त्याला आतून बारीक रेघांच्या खाचा असतात. त्यात लाकडी दांड्याने तीळ रगडतात. दाणे खाचांत अडकतात, निसटत नाहीत आणि छान भरडले जातात. आता तुमच्या घरचा पाटा आठवा. तो गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घेतात ना? छिन्नीने मारलेले ते बारीक घाव आणि सुरिबाचीच्या खाचा, दोन्हींचं काम एकच! दोन देशांतल्या माणसांनी एकच अडचण जवळजवळ सारख्याच युक्तीने सोडवली.

आणखी एक गंमत सांगतो. जपानीत 'तीळ रगडणे' म्हणजे खुशामत करणे! तीळ रगडले की तेल सुटतं आणि दाणे वाडग्याला चहूबाजूंनी चिकटतात. तसा खुशामत करणारा माणूसही ज्याला-त्याला चिकटत सुटतो. आपल्याकडे अशाच माणसाला 'लोणी लावतोय' म्हणतात. म्हणजे तिथे तीळ, इथे लोणी, पण ओशटपणा तोच!

कुटलेल्या तिळात गूळ आणि मीठ घालून पुन्हा रगडा. वाटलं तर पाण्याचा एखादा चमचा घाला. ओलसर, दाटसर मिश्रण झालं पाहिजे.

तिसरं काम भाजीचं. बरबटी धुऊन, शेंडे-बुडखे काढून, बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे करा. पातेल्यात भरपूर पाण्याला खळखळून उकळी आणा, चिमूटभर मीठ टाका आणि शेंगा सोडा. झाकण ठेवायचं नाही! चार-पाच मिनिटांत शेंग शिजते, पण दाताखाली थोडी करकरीत राहते. पालक असेल तर जेमतेम एक मिनिट पुरे. पातेलं उचलून पाणी ओतायच्या भानगडीत पडू नका. झाऱ्याने भाजी अलगद काढा आणि माठातल्या गार पाण्यात टाका.

झाकण का नाही? भाजीचा हिरवा रंग हरितद्रव्याचा. भाजी शिजताना तिच्यातली आम्लं बाहेर पडतात. त्यांतली काही वाफेबरोबर उडून जातात. झाकण ठेवलं की तीच वाफ पाण्यात परत येते आणि हरितद्रव्याच्या कणातला मॅग्नेशियम निखळतो. मग हिरवीगार भाजी शेवाळी-तपकिरी दिसू लागते. आणि गार पाणी कशाला? भाजीच्या आतली उष्णता तिला शिजवतच असते, ती थांबवायला. लिंबूही आम्लच, म्हणून ते अगदी वाढायच्या वेळी पिळायचं.

आता भाजी निथळा. पालक असेल तर दोन्ही तळहातांत धरून घट्ट पिळा आणि मग चिरा. शेंगा असतील तर स्वच्छ कापडावर पसरून कोरड्या करा. यात आळस नको! भाजी ओली राहिली तर तीळकूट पातळ होतं आणि चव पाण्यात जाते. शेवटी सगळं एकत्र करून हाताने हलकेच कालवा, वर चिमूटभर अख्खे भाजलेले तीळ भुरभुरवा. झाली गोमा-आए! ज्वारीच्या भाकरीबरोबर खाऊन पाहा.

एक छोटा प्रयोग करा. अर्धा चमचा अख्खे तीळ चावून खा, मग तेवढंच तीळकूट खा. तीळकुटाची चव किती तरी जास्त लागेल. दाण्याचं साल चिवट असतं. ते फुटलं तरच आतलं तेल आणि वास मोकळा होतो. अख्खे गिळलेले दाणे तर कित्येकदा न पचताच पोटातून निघून जातात. पण एकदा साल फुटलं की तेलाला हवा लागते आणि कूट काही दिवसांत खवट होऊ लागतं. म्हणून लागेल तेवढंच कुटावं. सालीसकट तीळ घ्यायचे तेही एका कारणाने. शंभर ग्रॅम तिळात सुमारे एक ग्रॅम कॅल्शियम असतं आणि ते बहुतेक सालीत. पांढऱ्याशुभ्र, साल काढलेल्या तिळात ते फारच थोडं उरतं. अर्थात ही भाजी म्हणजे काही औषध नव्हे. सालीतलं सगळंच कॅल्शियम शरीराला मिळत नाही आणि एका वाटीत तीळ असून असून किती असणार! पण रोजच्या जेवणात अशी थोडी-थोडी भर पडत राहणंच खरं.

आता मुख्य गोष्ट. ही भाजी तुमच्यासाठीच का निवडली? दिवाळीच्या सुमारास कापूस फुटतो. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगावकडे आणि घाटावरही कितीतरी घरांतल्या आया सकाळीच वेचणीला जातात. दिवसभर वाकून बोंडं वेचायची, बोंडांच्या टोकदार सालींनी बोटं सोलून निघायची आणि संध्याकाळी घरी आल्यावर थेट चुलीपुढे बसायचं. तिचा दिवस तिथून पुन्हा सुरू होतो. कुणाची आई ऑफिसातून येत असेल, कुणाची दवाखान्यातली ड्यूटी संपवून. थकवा सारखाच. गोमा-आए निवलेली खायची असते. म्हणजे शाळेतून आल्यावर करून झाकून ठेवली तरी रात्री बिघडत नाही. अर्ध्या तासाचं काम. आई आली की तिला फक्त भाकरी टाकायच्या. आणि हो, हे 'ताईचं काम' नाही. दादा, तूही बत्ता हातात घे! ज्याला भूक लागते त्याला चार पदार्थ करता आले पाहिजेत.

आणखी एक काम आजी-आजोबांकडचं. पूर्वी आपल्याकडे कितीतरी शेतकरी कापसात नाहीतर ज्वारीत तिळाचे दोन-चार तास पेरत. घरचे तीळ घरी येत. आता खरिपात बहुतेक रान सोयाबीन आणि कापसाने व्यापलंय आणि तीळ आपण किराणा दुकानातून पुडीत आणतो. आजोबांना विचारा, तीळ कसे काढायचे? ते सांगतील, बोंडं पुरती वाळायच्या आत कापायचं, पेंढ्या बांधून उभ्या करायच्या आणि मग उलट्या धरून कापडावर झटकायच्या. उशीर झाला तर बोंडं आपोआप उघडतात आणि दाणे मातीत! अलीबाबाच्या गुहेचं दार तिळाचं नाव घेतल्यावर उघडायचं, ते कदाचित यामुळेच असेल. जपानला तर जवळजवळ सगळेच तीळ परदेशांतून विकत आणावे लागतात. तरी त्यांच्या ताटातून तीळ गेले नाहीत. आपली जमीन तर तीळ पिकवणारी. येत्या पावसाळ्यात शेताच्या कडेला किंवा अंगणात एक ओळ पेरून बघायला काय हरकत आहे? तीन महिन्यांत पीक हातात येतं.

आईबाबांसाठी दोन शब्द: दहा वर्षांखालच्या मुलांना तीळ निवडणं, कुटणं, कालवणं ही कामं द्या. गॅसजवळचं आणि उकळत्या पाण्याचं काम तुम्ही करा. मोठ्या मुलांजवळही पहिल्यांदा उभे राहा. क्वचित एखाद्याला तिळाची ॲलर्जी असते. खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या किंवा ओठ सुजले तर तीळ पुन्हा देऊ नका आणि डॉक्टरांना दाखवा. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर क्षणही न दवडता दवाखाना गाठा. आणि पहिल्या दिवशी भाजी जरा खारट झाली तरी दोन घास जास्तच खा!

तर दोस्तांनो, या रविवारी बाजारातून पाव किलो बरबटी आणा आणि लागा कामाला. कुणी गवारीची केली, कुणी मेथीची, कुणी गुळाऐवजी साखर घातली, ते पोस्टकार्डावर लिहून जरूर कळवा. आणि आजोबांनी तिळाबद्दल काय सांगितलं, तेही लिहायला विसरू नका हं!