राक्षसाची कैफियत

कोजागरी म्हणजे गोव्यातल्या पेडण्याची पुनव. त्या रात्री भगवतीच्या देवळाकडे माणसांची रीघ लागते. आपले देऊळ एका रात्रीत बांधून हवे, असा हट्ट धरून रुसलेला भूतनाथ रानाकडे धाव घेतो आणि गाव त्याची समजूत काढून त्याला माघारी आणते.

पोरांच्या तोंडी मात्र सध्या वेगळ्याच भुताखेतांची नावे आहेत. १२ सप्टेंबर २०२५ रोजी ‘डेमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल’ हा जपानी अ‍ॅनिमेपट भारतात आला, हिंदी, तमिळ, तेलुगूतूनही. शंभर वर्षांपूर्वीच्या जपानातल्या, कोळसा विकून घर चालवणाऱ्या मुलाची ही गोष्ट आपल्या मुलांना का भिडावी? रंग आणि वेग हे उत्तर आम्हाला अपुरे वाटते. ते हॉलिवूडही देते. या चित्रपटात अकाझा हा क्रूर राक्षस हरू लागतो तेव्हा कथा मागे जाते, आणि आजारी बापाच्या औषधासाठी चोऱ्या करणारा एक मुलगा समोर येतो. डोळे भरून येतात ते राक्षसासाठी. ज्या मुलखात भूतनाथाला समजावून परत आणतात, डिचोली तालुक्यातल्या साळ गावी शिमग्यात देवचार गड्यांना रात्री अंधारात घेऊन जातो अशी श्रद्धा आहे, आणि दशावतारात पोरे संकासुराच्या वाटेकडे डोळे लावून बसतात, तिथे हे परके वाटेलच कसे?

राक्षसाला एवढी जागा दिली ती मांगाने, म्हणजे जपानी चित्रकथेने. कोयोहारु गोतोगे यांची मूळ मालिका २०१६ ते २०२० या काळात ‘वीकली शोनेन जंप’मध्ये छापून आली, तिची २३ पुस्तके झाली. पाने मिळत गेली, म्हणून खलनायकालाही बालपण मिळाले. आणि परदेशी वाचकाला सोपे जावे म्हणून तिथल्या माणसांची नावे, पोशाख, देवदैवते कुणी पुसून टाकली नाहीत.

‘डेमन स्लेयर’ आला त्याच शुक्रवारी दिलीप प्रभावळकरांचा मराठी ‘दशावतार’ही पडद्यावर आला. म्हणजे मातीतली गोष्ट आपल्यालाही सांगता येते. उणीव आहे ती चित्रकथेची. पेडणे-डिचोलीच्या शाळांत चित्रकलेत हात बसलेली मुले आहेत. दिवाळी अंकांनी त्यांतल्या एखाद्याला सलग वीस पाने द्यावीत, त्या पानांचे रीतसर मानधन द्यावे, आणि पुढच्या वर्षी गोष्ट तिथूनच पुढे चालू ठेवावी.