दाखल्यावरचा बाप आणि घरातला बाप

जून महिन्यात कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील शाळा उघडतात, प्रवेशाच्या अर्जावर वडिलांचे नाव आणि सही रीतसर घेतली जाते, आणि पुढे वर्षभर भरणाऱ्या पालकसभांना मात्र बहुतकरून आयाच हजर असतात. हा प्रकार इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही उणे आहे, असे कोणास वाटेनासे झाले आहे. 1 मे 2024 रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे वडिलांच्या आधी आईचे नाव लावण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला, तो सर्वथा न्याय्य होता. ज्याचे नाव मात्र सरकारदप्तरी पूर्वापार नोंदले जात आले, त्या पित्याने आता ते नाव आपल्या वर्तनाने सार्थ केले पाहिजे.

या मुलुखातील बाप बेपर्वा आहे, असा आरोप आम्ही करीत नाही. कर्जतहून मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे 100 किलोमीटरांवर आणि खोपोलीहून त्याहूनही दूर. पहाटेची लोकल गाठणारा चाकरमानी घराबाहेर पडतो तेव्हा मूल झोपेत असते आणि रात्री तो डबा ओट्यावर ठेवतो तेव्हा ते पुन्हा निजलेले असते. खोपोलीच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्याला मुलाच्या जागेपणी स्वतः झोपणे भाग पडते. दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांची स्थिती आणखी निराळी. तेथे बाप आणि मूल दिवसभर एकमेकांच्या दृष्टीसमोर असतात, पण पावसाळ्यापर्यंत मुलाची शाळा सुटते. म्हणजे एके ठिकाणी मिळकत आहे पण सहवास नाही, दुसऱ्या ठिकाणी सहवास आहे पण मुलाच्या भवितव्याची तजवीज नाही.

पोटासाठी धावावेच लागते, हे उत्तर खरे आहे. परंतु ते पुरेसे नाही. परळच्या चाळीतील एका खोलीत, तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर संसार रेटणारे रामजी सुभेदार मुलास लवकर निजवीत, स्वतः जागत आणि रात्री 2 च्या सुमारास त्यास उठवून अभ्यासाला बसवीत. पुस्तकासाठी पैसा नसला म्हणजे लग्न झालेल्या लेकींकडे जाऊन उसना आणीत, प्रसंगी त्यांचा दागिना गहाण ठेवीत. त्यांचा तो मुलगा, भीमराव आंबेडकर, 1927 साली याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन एका युगाला जाब विचारता झाला. सुभेदारांजवळ पैसा नव्हता, जागा नव्हती. मुलाच्या अभ्यासासाठी स्वतःची झोप मोडण्याची तयारी तेवढी होती.

सहभाग म्हणजे धाक नव्हे, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. बाप उंबऱ्यात दिसताच ज्या घरातली पोरे चिडीचूप होतात, त्या घरात तो हजर असूनही मुलांना परकाच राहतो. अंगणवाडीत वजनाच्या दिवशी तान्ह्याला स्वतः घेऊन जाणे, डोस पाजण्याची तारीख आपण ध्यानात ठेवणे, आठवड्यातून निदान एकदा दप्तर उघडून वही पाहणे आणि गणित चुकले तर हात न उगारता शेजारी बसणे, लावणीच्या दिवसांत पोराला बांधावर नेऊन चिखलात रोप कसे धरावे ते दाखवणे, ही कामे कोणत्याही मिळकतीच्या बापाला करता येण्याजोगी आहेत, आणि ती केल्याने पुरुषपणाला यत्किंचितही बाध येत नाही.

हा भार एकट्या बापावर लोटून समाजालाही मोकळे होता येणार नाही. शिक्षणहक्काच्या 2009 च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरविले. तेव्हा समितीच्या व पालकांच्या सभा कामाच्या दिवशी दुपारी न बोलावता रविवारी बोलवाव्यात, म्हणजे लोकलने जाणाऱ्या बापाला सबब उरणार नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यास अपत्यजन्मानिमित्त 15 दिवसांची रजा मिळते, पण खासगी कारखान्यातील कामगारासाठी तशी देशव्यापी तरतूद नाही. ती कायद्याने व्हावी, आणि होईतो खालापूरच्या कारखानदारांनी आपण होऊन ती द्यावी. भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. तिची अंमलबजावणी कुटुंबे गाव सोडण्यापूर्वी झाली पाहिजे, आणि उचल घेताना बापानेही मुलाच्या शाळेचा प्रश्न मुकादमापुढे प्रथम मांडला पाहिजे.

मुलाचे बालपण बापाच्या बढतीसाठी किंवा कर्जफेडीसाठी थांबून राहत नाही. म्हणून कर्जत-खालापुरातील प्रत्येक पित्यास आमची आग्रहाची विनंती आहे की, येत्या पालकसभेला आपण जातीने जावे, आपल्या पाल्याच्या शिक्षकाचे नाव विचारून घ्यावे, आणि परतल्यावर तिथे झालेले बोलणे मुलाला शेजारी बसवून सांगावे.