‘नमस्कार’ची लांबी किती?

विद्यार्थी मित्रहो, ‘नमस्कार’ या शब्दात अक्षरे किती, असे कोणी विचारले तर तुम्ही पटकन चार म्हणाल: न, म, स्का, र. जावा या संगणकभाषेला विचारले तर ती सात सांगेल. आणि हाच शब्द एका संगणकाकडून दुसऱ्याकडे पाठवायचा झाला, तर त्याचे बाइट भरतील २१! गंमत म्हणजे तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. ती कशी, हे आपण पुढे पाहू. त्याआधी माझे एक मत सांगतो. जावामध्ये वेबवर चालणारा पहिला प्रोग्राम लिहाल तेव्हा तो तयार साच्यातून काढू नका, स्वतःच्या हाताने लिहा. आणि त्याला मराठी बोलायला लावा.

वेब-प्रोग्राम म्हणजे तरी काय? टपाल कचेरीतील खिडकी डोळ्यांपुढे आणा. खिडकीवर क्रमांक असतो, आत कारकून बसलेला असतो. कोणी येऊन काही मागितले की तो उत्तर देतो. कोणी आले नाही तर नुसता वाट पाहतो. आपला प्रोग्राम हा असा कारकून. त्याला सर्व्हर म्हणतात, आणि त्याच्या खिडकीला पोर्ट. मागणारा असतो ब्राउझर.

जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली पहिला वेब-सर्व्हर चालवला. तेव्हा ब्राउझरची मागणी एका ओळीत मावत असे: ‘गेट’ हा शब्द आणि हव्या त्या पानाचा पत्ता. ‘हा सर्व्हर आहे, बंद करू नये’ अशा अर्थाची चिठ्ठी त्या संगणकावर चिकटवलेली होती. कारकून उठून गेला तर खिडकी बंद, हे त्यावरून सहज लक्षात येईल.

जावा ही भाषा १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने जगापुढे आणली. २००६ साली आलेल्या तिच्या सहाव्या आवृत्तीपासून एक छोटा सर्व्हर जावाच्या संचातच मिळतो. तो वापरून वीस-पंचवीस ओळींत आपले काम होते. २०१८ च्या अकराव्या आवृत्तीपासून तर एका फाइलीतला प्रोग्राम वेगळा संकलित न करता एका आज्ञेने चालवता येतो.

प्रोग्रामने चार कामे करायची. पहिले, ८०८० क्रमांकाची खिडकी मागून घ्यायची. दुसरे, कोणत्या पत्त्याची मागणी कोणी हाताळायची ते ठरवायचे. तिसरे, उत्तर लिहायचे: आधी मजकुराचा प्रकार, मग ‘सारे ठीक’ या अर्थाचा २०० हा आकडा व मजकुराची लांबी, आणि शेवटी मजकूर. चौथे, सर्व्हर सुरू करायचा. मग त्याच संगणकाच्या ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’, अपूर्णविराम आणि ८०८० असे टंकलिखित करा. लोकलहोस्ट म्हणजे ‘हाच संगणक’. त्यामुळे शाळेत इंटरनेट नसले तरी प्रयोग अडत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. इंग्रजी ‘हॅलो’ची अक्षरे पाच. जावा मोजते तीही पाच आणि बाइटही पाचच. म्हणून लांबीच्या जागी अक्षरांची संख्या दिली तरी सारे सुरळीत चालते, आणि चूक झाली आहे याचा पत्ताही लागत नाही. ‘नमस्कार’ लिहिताच मात्र पान नीट उघडत नाही. का बरे? जावा युनिकोडमधील चिन्हे मोजते. न, म, स, हलन्त, क, काना आणि र अशी ती सात होतात. पण यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. सात त्रिक एकवीस. सात बाइट पाठवतो म्हणून सांगायचे आणि एकवीस पुढे करायचे, हा हिशेब सर्व्हर मान्य कसा करील? लांबी बाइटांत मोजून दिली की हे कोडे सुटते. तरीही मजकूर यूटीएफ-८ मध्ये आहे असे न सांगितल्यास ब्राउझरला अंदाज बांधावा लागतो. तो चुकला की ‘नमस्कार’च्या जागी चित्रविचित्र चिन्हांची रांग दिसते.

यावर कोणी म्हणेल, “स्प्रिंग बूटसारखे साचे असताना एवढी यातायात कशाला? त्यात हे सारे आपोआप होते.” आक्षेप खरा आहे. हजारो लोकांना सेवा द्यायची, सुरक्षितता सांभाळायची, तर अनुभवी माणसांनी घडवलेला साचाच घ्यावा. आपला वीस ओळींचा सर्व्हर त्या कामाचा नव्हे. पण ‘आपोआप’ या शब्दाखाली काय झाकले आहे, हे एकदा तरी पाहायला नको का? ज्याने ते पाहिले नाही, त्याच्या पडद्यावर एके दिवशी मराठी नावे विस्कटतील, आणि तो “मराठीचा काहीतरी घोटाळा आहे” म्हणून इंग्रजीकडे वळेल. घोटाळा मराठीचा नसतो, मोजणाऱ्याचा असतो.

शिक्षकांना माझी विनंती आहे. प्रोग्राम फळ्यावरून वहीत उतरवून घेण्यात तास घालवू नका. मुलांना तो चालवू द्या, आणि मुद्दाम बिघडवूही द्या. सर्व्हर चालू असताना तोच प्रोग्राम दुसऱ्यांदा सुरू केला तर काय होते? खिडकी आधीच अडलेली असल्याची तक्रार येते. मजकूर बदलूनही जुनेच पान का दिसते? कारण जुना कारकून अजून खिडकीवर बसलेला आहे. त्याला थांबवून नव्याला बसवावे लागते. असे दोन-तीन बिघाड स्वतः दुरुस्त केलेल्या मुलाला चुकीच्या संदेशाची भीती वाटेनाशी होते, आणि हे धैर्य पाठांतराने येत नाही.

मित्रहो, आता एक काम तुमच्याकडे. ‘नमस्कार’च्या जागी स्वतःचे नाव घाला. त्याची अक्षरे, चिन्हे आणि बाइट आधी कागदावर मोजा, आणि मगच प्रोग्राम चालवून उत्तर ताडून पाहा. जोडाक्षर असलेले नाव असेल तर उत्तमच!