बंद दार आणि दरवर्षीचे आमंत्रण

महानगरात वावरणाऱ्या भुतांच्या आणि दुरावलेल्या नात्यांच्या कथा आजच्या किशोरवयीन वाचकांना फार प्रिय आहेत. या प्रकारातील एक जुनी, तरीही ताजी वाटणारी लघुकादंबरी म्हणजे चार्ल्स डिकन्स यांची ‘अ ख्रिसमस कॅरोल’. ती डिसेंबर १८४३ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाली. नातवंडांच्या हाती देण्यापूर्वी आजी-आजोबांनीही ती वाचावी.

स्क्रूज हा एका पेढीचा कृपण मालक. सात वर्षांपूर्वी निवर्तलेला त्याचा भागीदार मार्ले एका रात्री त्याच्यापुढे उभा राहतो. त्याच्या कमरेभोवती पेट्या, किल्ल्या, कुलुपे आणि खातेवह्या यांची साखळी आहे. ज्याची हयात खातेवह्यांत गेली, त्याला हे वर्णन अंतर्मुख करते. खिडकीबाहेरचे दृश्य त्याहून विदारक आहे. तेथे असंख्य भुते तरंगत आहेत. पायाला लोखंडी तिजोरी जखडलेले एक भूत, दारापाशी तान्ह्या मुलासह बसलेल्या दीन स्त्रीकडे पाहून रडत आहे. साहाय्याची इच्छा जागी झाली आहे, पण सामर्थ्य संपले आहे. हीच त्यांची शिक्षा.

स्क्रूजच्या दिवंगत बहिणीचा मुलगा फ्रेड मात्र जिवंतपणीच हे सामर्थ्य वापरतो. तो मामाला सणाच्या जेवणाचे आमंत्रण देतो, अपमान ऐकतो आणि दरवर्षी पुन्हा बोलावण्याचा निश्चय करतो. दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार न झालेले बचत खाते बँकेत निष्क्रिय ठरते. पण ते बंद झालेले नसते. खातेदाराने येऊन ओळख पटवली की ते पुन्हा सुरू होते. फ्रेडने मामाचे नाते असेच राखले. अखेर मामा भाच्याच्या दारावरून अनेक फेऱ्या मारतो आणि मग धीर करून दार वाजवतो. भाचा मागील हिशेब काढत नाही.

वाग्दत्त वधू बेल मात्र त्याला परत मिळत नाही. आपली जागा पैशाने घेतली, हे ओळखून तिने त्याला वचनातून मुक्त केले होते. पुढे तिचा संसार अन्यत्र फुलला. काही दारे कायमची मिटतात.

वाटणीवरून किंवा लग्नातील मानापमानावरून धरलेले अबोले आपल्याही घराण्यांत असतात. कोणाचे चुकले, याचा निवाडा पुढेही करता येईल. दार वाजवण्याचे सामर्थ्य मात्र हयातीपुरतेच आहे.