शिरगणतीतले कैदी

न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटचा ४५ वा मतदारसंघ कॅनडाच्या सीमेलगतचा, डोंगराळ व ग्रामीण. डॅनेमोराचा प्रचंड तुरुंग तेथलाच. त्यातले कितीतरी कैदी दूरच्या न्यूयॉर्क शहरातील कृष्णवर्णीय व लॅटिनो गरीब. त्यांना मताधिकार नाही. तरीही २००० च्या जनगणनेनंतर त्यांना येथले रहिवासी धरून मतदारसंघ आखला गेला! गुलामाला तीन-पंचमांश माणूस मोजून त्याच्या मालकांचे प्रतिनिधी वाढविणाऱ्या मूळ राज्यघटनेचाच हा वारसा नव्हे काय? तुरुंग भरलेले तोवर खुर्ची पक्की. मग अमली पदार्थांविषयीचे १९७३ चे जुलमी रॉकफेलर कायदे सौम्य करण्यास ग्रामीण सिनेटरांनी विरोध केला, यात नवल ते कसले?

आणि तेथल्या कामगाराला काय मिळाले? लायन माउंटनची लोखंडाची खाण १९६७ साली बंद पडली. १९८४ मध्ये गावात तुरुंग आला. २०११ मध्ये तोही बंद झाला.

२०१० च्या कायद्याने राज्याने कैद्यांना मूळ पत्त्यावर मोजण्याचे ठरविले. त्याविरुद्ध न्यायालयात गेलेले सिनेटर हरले. संघराज्याची जनगणना मात्र २०२० सालीही कैद्याला तुरुंगाचाच रहिवासी मानीत राहिली. शिक्षा भोगणाऱ्या सर्वांना मताधिकार देणारी राज्ये आजही दोनच: मेन आणि व्हरमाँट.